वीतभर पाण्याचा दाब

रावेर तालुक्यात दाब म्हणजे काय हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. केळीच्या बागेत ठिबकची मोटार सुरू झाली की माणूस आधी फिल्टरजवळच्या गेजकडे बघतो. काटा एक किलोच्या आसपास हवा. कमी पडला तर ओळीच्या टोकाच्या खोडांना पाणी पोचत नाही. फार चढला तर एखादा जोड निसटतो आणि पाणी जायचं तिथे न जाता भलतीकडे वाहतं. हा एक किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरमागे एक किलो वजन. उभ्या नळीत पाणी भरून तोच दाब दाखवायचा तर नळी दहा मीटर उंच लागेल, तिमजली घराएवढी.

याच तालुक्यातला माणूस जळगावात हर्नियाच्या किंवा पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भुलीखाली झोपलेला असतो, तेव्हा त्याच्या उशाशी असलेल्या पडद्यावरही दाबाचाच आकडा चालू असतो. तोही पाण्याच्या उंचीत मोजलेला. पण तिथे मीटर नाहीत. तिथे १२, १५, १८ असे सेंटिमीटर आहेत, आणि घशात श्वासाचा मास्क बसवलेला असेल तर २० पाशी एक अदृश्य रेघ आहे. अंगठा आणि करंगळी ताणून हात उभा धरावा; त्या वितीपेक्षा जराशी कमी उंची. ठिबकच्या दाबाचा पन्नासावा भाग. या वितीच्या पलीकडे शक्यतो जायचं नाही, हे भूलतज्ज्ञ शिकायला लागल्यापासून ऐकतात. हा वीतभर आकडा कुठून आला, त्याची ही कुळकथा.

आधी शब्दाकडे पाहू. रुग्णालयाच्या पाटीवर ‘बधिरीकरणशास्त्र विभाग’ लिहिलेलं असतं, पण कोणी तसं बोलत नाही. नातेवाईक विचारतात, ‘पूर्ण भूल देणार की कमरेखालची?’ आपल्याकडे भूल पडते, भूल घालतात आणि दवाखान्यात भूल देतात. भुललेल्या माणसाला वाट सापडत नाही, ही या शब्दाची जुनी समज आहे. मला हा शब्द फार नेमका वाटतो, कारण पूर्ण भुलीत खरोखरच वाटेचाच प्रश्न येतो. हवेनं कोणत्या वाटेनं जायचं, हा.

घशाच्या तळाशी दोन वाटा फुटतात. पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका. जागेपणी हा चौक पहाऱ्यात असतो. घास गिळताना श्वासाची वाट मिटते, श्वास घेताना अन्नाची वाट मिटलेली असते, आणि चूक झालीच तर ठसका लागून ती दुरुस्त होते. शिवाय जागेपणी आपण हवा आत ढकलत नाही, ओढतो. छाती फुलते, आत किंचित पोकळी होते आणि हवा आपसूक येते. शांत श्वासात फुप्फुसातला दाब बाहेरच्यापेक्षा जेमतेम १ सेंटिमीटर पाण्याइतका खाली जातो. ओढलेली हवा अन्ननलिकेत शिरत नाही, कारण तिला ओढणारी छाती आहे, पोट नव्हे.

भुलीत स्नायू सैल करणारं औषध दिलं की हे ओढणं थांबतं. आता श्वास घ्यायचा नसतो, द्यायचा असतो. बाहेरून ढकललेली हवा चौकात येते आणि पाण्यासारखीच वागते: जिकडे अडथळा कमी तिकडे जाते. दाब बेताचा असेल तर ती फुप्फुसात जाते. दाब वाढला की अन्ननलिकेचं मिटलेलं तोंड उघडतं, हवा जठरात शिरते, पोट फुगतं. फुगलेलं पोट फुप्फुसाला खालून दाबतं, त्यामुळे पुढच्या श्वासाला आणखी दाब लागतो. आणि जठरातलं आंबट पाणी वर चढून श्वासनलिकेत उतरलं तर ठसका येणार नाही, कारण पहारेकरी झोपलेला आहे. शस्त्रक्रियेआधी उपाशी का ठेवतात याचं उत्तर एवढंच. कर्टिस मेंडेल्सन या अमेरिकी प्रसूतितज्ज्ञानं १९४६ साली न्यूयॉर्कच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या ४४,०१६ गरोदरपणांच्या नोंदी तपासून अशा ६६ घटना मांडल्या, तेव्हापासून हा धोका त्याच्या नावानं ओळखला जातो.

ढकललेल्या श्वासाचं मूळ मात्र याहून खूप जुनं आहे, आणि ते लोहाराच्या भात्यात आहे. १५४३ साली आंद्रेआस व्हेसेलियसनं शरीररचनेच्या आपल्या ग्रंथात जनावराच्या श्वासनलिकेत बोरूची नळी घालून फुंकल्याचं लिहिलं. फुप्फुस फुलतं आणि मंदावलेलं हृदय पुन्हा चालू लागतं, हे त्यानं पाहिलं. १६६७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे रॉबर्ट हूकनं छाती उघडलेल्या कुत्र्याला भात्यानं श्वास देऊन जिवंत ठेवलं. पुढच्या शतकात बुडालेल्या माणसांना वाचवण्यासाठी लंडनमध्ये संस्था निघाली आणि तिच्या साहित्यात भाता आला. लोखंड तापवणारी वस्तू माणसाला जगवायला वापरायची, ही कल्पना तेव्हा लोकांना अजिबात विचित्र वाटली नाही.

विचित्र ठरलं ते पुढचं. लरॉय देत्योल या फ्रेंच वैद्यानं १८२७ च्या सुमारास पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे दाखवून दिलं की भाता जोरानं दाबला तर फुप्फुस फाटतं, हवा छातीच्या पोकळीत शिरते आणि जनावर मरतं. म्हणजे ज्यानं जगवायचं त्यानंच मारलं. नवल असं की त्यावर ‘मग किती दाबायचं?’ हा प्रश्न कोणी नेटानं विचारला नाही. भाताच बाजूला ठेवला गेला. १८३० च्या दशकात लंडनच्या त्या संस्थेनंही त्याची शिफारस सोडली, आणि शंभर वर्षं माणसाला श्वास देण्याच्या बहुतेक रीती हात वरखाली करणं, छाती दाबणं, पालथं पाडणं यांतच फिरत राहिल्या. मोजमाप नसलं की चांगलं साधनही हातातून जातं. भात्याच्या बाबतीत हे फार महागात पडलं असं माझं मत आहे.

खरं तर मोजायचं साधन तेव्हाही होतं. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी, तिच्यात पाणी. एका तोंडाला हवेचा दाब लावला की दुसऱ्या बाजूचं पाणी चढतं. दोन पातळ्यांतलं अंतर पट्टीनं मोजायचं. रक्ताचा दाब मोठा, म्हणून त्याला पारा लागला. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड, त्यामुळे नळी आटोपशीर राहते. श्वासाचा दाब इतका हलका की पाऱ्यात तो नीट दिसतही नाही. पाण्याचे २० सेंटिमीटर म्हणजे पाऱ्याचे जेमतेम १५ मिलिमीटर. म्हणून श्वास पाण्यात मोजायची रीत पडली, आणि काचेची नळी कधीच गेली तरी आजच्या संगणकी यंत्रावरही एकक तेच राहिलं.

दरम्यान भूल देणारं ईथर १८४६ साली बोस्टनमध्ये जाहीरपणे वापरलं गेलं आणि पुढच्याच वर्षी मार्चमध्ये कोलकात्यात पोचलं. मग क्लोरोफॉर्म आलं. आपल्या खानदेशाच्या सीमेला अजिंठ्यापाशी निजामाचा मुलूख लागत असे; त्या निजामाच्या पैशानं हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसले. नाडीकडे नको, श्वासाकडे पाहा, असा या आयोगांमागच्या एडवर्ड लॉरी या शल्यचिकित्सकाचा आग्रह होता. क्लोरोफॉर्मनं हृदयही अचानक थांबतं हे नंतर सिद्ध झालं, त्यामुळे तो निष्कर्ष अपुरा ठरला. पण भूल देणाऱ्याचे डोळे रुग्णाच्या श्वासावर खिळायला त्यानं मदत केली. त्या काळात रुग्ण आपला श्वास आपणच घेत असे. दाबाचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न आला १९४२ च्या जानेवारीत. माँट्रियलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी शस्त्रक्रियेत क्युरारी वापरलं. दक्षिण अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या बाणांवरचं हे विष. स्नायू सैल झाले, सर्जनचं काम सोपं झालं, पण श्वासही मंदावला. काळ्या रबरी पिशवीवर हात ठेवून कोणीतरी दर काही सेकंदांनी ती दाबायला हवी झाली. आपल्याकडच्या लहान रुग्णालयांत बॉईलच्या भुलीच्या यंत्रावर हेच काम अनेक दशकं चाललं. काटा असो-नसो, त्या काळच्या भूलतज्ज्ञाचा तळहात हाच गेज होता. पिशवी जड लागली की समजायचं: नळी मुडपली, छाती आवळली, किंवा औषध उतरायला लागलं.

दाबणाऱ्या हातांची सर्वांत मोठी कसोटी १९५२ मध्ये कोपनहेगनला लागली. पोलिओची भयंकर साथ आली होती. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं एकामागून एक येत होती आणि लोखंडी फुप्फुस म्हणतात तशी टाकी एकच होती. ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं ऑगस्टच्या अखेरीस १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवली आणि भुलीची पिशवी दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग वैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावलं गेलं. महिनोन् महिने सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्या लावून खाटेशी बसले; एका टप्प्यावर सत्तरच्या आसपास रुग्ण एकाच वेळी केवळ हातांच्या बळावर श्वास घेत होते. लरॉयनं बंद पाडलेला भाता सव्वाशे वर्षांनी असा परत आला. आजच्या अतिदक्षता विभागाचं मूळ तिथेच आहे.

आपल्या आकड्याचं मूळही याच शहराच्या हवेत आहे. हेनिंग रूबेन हा डॅनिश भूलतज्ज्ञ. १९५६ साली अभियंता होल्गर हेसे याच्याबरोबर त्यानं आपोआप फुगणारी पिशवी बाजारात आणली, तीच आपली अंबू बॅग. आज १०८ च्या गाडीत ती हटकून असते. ती दाबताना काही वेळा छातीऐवजी पोट वर येतं, हे अपघात विभागातल्या कोणत्याही नर्सनं पाहिलेलं आहे. रूबेननं ते मोजायचं ठरवलं. १९६१ साली त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी श्वासमार्गातला दाब आणि जठरात शिरणारी हवा यांचं नातं प्रसिद्ध केलं. १५ सेंटिमीटर पाण्याच्या खाली हवा सहसा जठरात जात नाही. २५ च्या वर बहुतेकांत जाते. मधल्या पट्ट्यात कोणाची जाते, कोणाची नाही.

लरॉयनंतर न विचारलेला ‘किती?’ हा प्रश्न रूबेननं विचारला, म्हणून मी त्याला या कथेतला मूळपुरुष मानतो. त्याच १९६१ साली लंडनच्या ब्रायन सेलिकनं दुसरा उपाय सांगितला: कंठाजवळची अंगठीसारखी कूर्चा बोटांनी मागे दाबायची, म्हणजे तिच्यामागची अन्ननलिका मिटते. एकानं दार उघडायला किती जोर लागतो ते मोजलं, दुसऱ्यानं दाराला बाहेरून हात लावला.

या दाराला पुरतं टाळायचं असेल तर नळी थेट श्वासनलिकेत घालायची. ग्लासगोच्या विल्यम मॅकइवेननं १८७८ मध्ये भुलीसाठी ती तोंडावाटे घातली, आणि १९२८ साली ग्वेडेल व वॉटर्स यांनी तिच्याभोवती हवेनं फुगणारा कफ बसवला. कफ फुगला की पोटाची वाट वेगळी, श्वासाची वेगळी. मग दाब तीसवर गेला तरी पोटाला धक्का नाही. पण नळी घालायला खोल भूल आणि सरावाचा हात लागतो, स्वरयंत्र दुखावतं, आणि कफही शहाणपणानं फुगवावा लागतो. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की कफमधला दाब ३० सेंटिमीटरच्या वर गेला की श्वासनलिकेच्या अस्तराचं रक्त आटायला लागतं. म्हणजे तिथेही मोजपट्टी पाण्याचीच.

नळी आणि तोंडावरचा मास्क यांच्या मधली वाट आर्ची ब्रेननं काढली. लंडनच्या पूर्वेकडच्या व्हाइटचॅपलमधलं लंडन हॉस्पिटल, साल १९८१. ब्रेनचा विचार पाइप जोडणाऱ्या माणसाचा होता. शरीराची नळी इथे संपते, यंत्राची इथे सुरू होते. एकात दुसरी खुपसण्याऐवजी तोंडाला तोंड लावून जोड का बसवू नये? दातांच्या डॉक्टरांकडे भुलीसाठी गोल्डमनचा एक छोटा नाकाचा मास्क असे, त्याला फुगणारी रबरी कड होती. ती कड काढून ब्रेननं नळीच्या तिरक्या कापलेल्या टोकाला चिकटवली. घशाचा खरा आकार कळावा म्हणून मृतदेहांच्या घशात प्लास्टर ओतून साचे घेतले. पुढची काही वर्षं तो नमुन्यामागून नमुने करत राहिला, शेवटी सिलिकॉनवर येऊन थांबला. १९८३ मध्ये पहिला लेख छापून आला, १९८८ च्या सुमारास ब्रिटनच्या रुग्णालयांत हा मास्क विकत मिळू लागला. आपल्याकडे सगळे त्याला एलएमए म्हणतात.

केळीच्या बागेतला माणूस हा जोड लगेच ओळखेल. लंबगोल फुगीर कडा स्वरयंत्राच्या तोंडाभोवती वॉशरसारखी बसते. आत काही खुपसलेलं नाही, म्हणून जखम नाही, जागं होताना खोकला कमी. पण वॉशरच तो: दाब वाढला की गळणार. ब्रेनच्या मूळ मास्कची कड साधारण २० सेंटिमीटर पाण्याच्या आसपास सुटायला लागते.

दोन वेगळ्या गोष्टी इथे एका आकड्यावर येऊन भेटल्या. एक, अन्ननलिकेचं दार, जे १५ ते २५ मध्ये कुठेतरी उघडतं. दुसरी, मास्कची कड, जी २० च्या आसपास सुटते. पहिली निसर्गाची, दुसरी ब्रेनच्या कार्यशाळेतली. त्यांचा एकमेकींशी संबंध नाही, तरी त्या शेजारी पडल्या आणि वीस हा आकडा नियमासारखा रूढ झाला. १९९४ साली कॅनडात ४८ रुग्णांवर केलेल्या अभ्यासानं त्याला बळ दिलं: मास्कमधून १५ च्या दाबानं श्वास दिला तेव्हा शेकडा २ रुग्णांच्या जठरात हवा गेली, ३० नं दिला तेव्हा शेकडा ३५. कडेनं गळणारी हवा याच प्रवासात १३ टक्क्यांवरून २७ वर गेली.

मग दाब निवडायचा कसा? इथे पुन्हा पाण्याचा हिशेब उपयोगी पडतो. पंप आणि उंचावरची टाकी यांत जो फरक, तोच यंत्राच्या दोन रीतींत. व्हॉल्यूम कंट्रोल म्हणजे पंप: ठरलेली हवा, समजा ४०० मिलिलिटर, तो देणारच, मग वाट अरुंद असली तर दाब कितीही चढो. प्रेशर कंट्रोल म्हणजे टाकी: तिची उंची आपण ठरवायची, समजा १४ सेंटिमीटर. सुरुवातीला धार जोरात, आतला दाब वाढत गेला की धार मंद. हवा किती जाईल ते फुप्फुसावर सोडलेलं, पण दाब टाकीच्या उंचीपलीकडे जाणार नाही. जुन्या यंत्रांवर पंपच होता. १९९० नंतरच्या भुलीच्या यंत्रांत टाकी येत गेली, आणि मास्कला ती मानवली.

भुलीतल्या निरोगी प्रौढाच्या फुप्फुसाला एका सेंटिमीटरच्या दाबानं साधारण ५० मिलिलिटर हवा जाते. म्हणजे ४०० मिलिलिटरला ८ सेंटिमीटर, वर नळीतल्या घर्षणाचे दोन-चार. वितीत आरामात बसतं. रुग्ण जाड असेल, डोकं खाली उतारावर ठेवलं असेल, तेव्हा बसत नाही. मग जाणता भूलतज्ज्ञ दाब वाढवत नाही. श्वास लहान करतो आणि मिनिटाला दोन-चार जास्त देतो, भूल खोल करतो, मास्क बसलाय ना ते पाहतो. पोटात दुर्बीण घालून करतात त्या शस्त्रक्रियेत कसोटी अधिक कडक. तेहेमतन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भारतातली पहिली दुर्बिणीची पित्ताशय शस्त्रक्रिया केली, आणि नंतर ती तालुक्यांच्या गावांपर्यंत आली. तीत पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबानं. पाण्यात सांगायचं तर १६ ते २० सेंटिमीटर. म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखालून एक वीत वर ढकलत असते आणि वरून दुसरी खाली. ब्रेननं २००० साली पुढचा मास्क आणला तो याचसाठी: कड तीसच्या आसपास धरून राहते आणि शेजारी एक दुसरी नळी, जठरातली हवा नि पाणी बाहेर सोडायला. २००७ मध्ये आय-जेल आला, त्याची कड फुगवावीच लागत नाही. तरी अनेक भूलतज्ज्ञ अशा वेळी सरळ नळीच घालतात, आणि भरल्या पोटाच्या रुग्णात तर त्याला पर्याय मानत नाहीत.

मास्क सुधारले तरी वीसचा आकडा तोंडपाठ राहिला, आणि मला खंत वाटते ती इथे. पाठ केलेला आकडा मोजण्याची सवय मोडतो. एका घशात कड १६ ला सुटते, दुसऱ्यात २८ ला. हे मोजायला एक मिनिट लागतं. झडप बंद करायची, मिनिटाला तीन लिटर वायू सोडायचा आणि हात पिशवीवरून काढून घ्यायचा. स्टेथोस्कोप गळ्याच्या बाजूला टेकवायचा. काटा हळूहळू चढतो: १२, १५, १८. तो चाळिसाच्या पुढे जाऊ द्यायचा नसतो. खोलीत कोणी बोलत नसेल तर नुसत्या कानालाही ऐकू येतं: आधी काही नाही, मग तोंडाच्या कोपऱ्यातून बारीक सुस्कारा. काटा थांबतो. २३. स्टेथोस्कोप मग बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या भागावर न्यायचा आणि तिथे गुडगुड नाही याची खात्री करायची. झडप उघडायची, आणि त्या माणसाच्या टाकीची उंची १४ ला लावायची.